पाटी आली, दुकान मागंच राहिलं

काटापावतीच्या तळाशी माझ्या दुकानाच्या नावाची एक ओळ छापायची, एवढाच सौदा होता. त्या ओळीसाठी मी मजुरी सोडली आणि दसऱ्याच्या तोंडावर आलेली गिऱ्हाइकं दारातून परत पाठवली. ती ओळ मला कशी मिळाली, कशी काढून घेतली गेली आणि मी ती परत कशी मिळवली, हे मोंढ्यातली, म्हणजे आमच्या धान्यबाजारातली, माणसं आपापल्या सोयीनं सांगतात. म्हणून आता मीच सांगतो.

मी मूळचा मोटारी भरणारा. विहिरीवरची जळालेली मोटार यायची, तिच्यातली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी गुंडाळायची. शिक्षण दहावी, वडील मोंढ्यात हमाल. नव्वदीच्या मधल्या वर्षांत बीडमध्ये एसटीडीचे पिवळे बूथ झाले, केबल आली, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. मी पुण्याहून एक बंद पडलेला कॉम्प्युटर भंगाराच्या भावात आणला, महिनाभर उघडझाक करून चालू केला आणि अर्ध्या शटरमध्ये मोटारी, अर्ध्यात कॉम्प्युटर असा धंदा मांडला. पाटीवर कॉम्प्युटर आधी लिहिलं. तरी मोंढ्यातून जाताना कुणीतरी हाक मारायचंच, "काय बे, मोटारी भरून झाल्या? आता कॉम्प्युटर भरायलास का?" लोक हसायचे. मला हसू येत नव्हतं.

मोंढ्याच्या कडेला एक तेलगिरणी होती. सूर्यफूल, करडई, सरकी, सगळं तिथं यायचं. गेवराईच्या बाजूनं, उमापूरपर्यंतचे ट्रॅक्टर तिथं रांगेला लागायचे. काट्यावर माल चढला की कॉम्प्युटरमधून पावती निघायची: वजन किती, ओल किती धरली, पोचट म्हणजे पोकळ दाण्यांपोटी किती कापलं. ती पावती शेतकरी गावाकडं नेतो, शेजारी ती मागून बघतो, भाऊबंद बघतात, आमचं पोचट जास्त कापलं की तुमचं यावर दोन दिवस पारावर वाद चालतो. एवढी वाचली जाणारी दुसरी कुठली गोष्ट आमच्या भागात मला माहीत नाही.

गिरणीचा प्रोग्राम युनिक्स या जुन्या सिस्टीमच्या मशीनवर चालायचा. तो लिहिणारा पुण्याचा माणूस परदेशी निघून गेला होता, मूळ लिखाण त्याच्याचजवळ राहिलं. गिरणीत होता तो फक्त चालणारा तयार प्रोग्राम. आणि मशीन शेवटच्या घटका मोजत होतं, चालू करताना त्याच्या डिस्कमधून खडे दळल्यासारखा आवाज यायचा. गिरणीच्या मालकांनी औरंगाबादच्या एका कंपनीकडून नवं मशीन घेतलं. कंपनीचा इंजिनियर आला, त्यानं सगळं बघितलं आणि सांगितलं की जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालणार नाही, नवा लिहून घ्यावा लागेल. तो तीन-चार महिन्यांत होईल. दसरा दोन आठवड्यांवर आला होता आणि गिरणीच्या खरेदीचा मुहूर्त दसऱ्याचा असायचा.

मी तिथं दुसऱ्याच कामाला गेलतो, पंपाची मोटार बसवायला. हात पुसत म्हणालो, "चालंल की. लिनक्स टाकू, त्यावर जुना चालवू."

इंजिनियर माझ्याकडं वळून हसला. "काका, ते वाटतं तेवढं सोपं नाही हो. सिस्टीमच वेगळी आहे."

मी तेव्हा पस्तिशीतला. त्याच्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा. निम्मा सौदा तर मी त्या 'काका'वरच ठरवला.

मालक खाटेवर बसले होते. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करडी, पुढं पानाचं तबक. त्यांनी सावकाश विचारलं, "न्हाई चाललं तर?"

"तर माझ्या दुकानाची पाटी उतरवतो आन् तुमच्या दारात आणून टाकतो."

"आन् चाललं तर? काय घेशील?"

"मजुरी नको. पावतीच्या खाली माझ्या दुकानाचं नाव छापायचं."

मालकांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि हातावर टाकला. मोंढ्यात भाव असाच ठरतो. रुमालाखाली दोघांचे हात, बोटं दाबून सौदा, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी लहानपणापासून वडिलांबरोबर हे बघत आलो होतो, पण माझ्यापुढं कुणी रुमाल धरण्याची ती पहिलीच वेळ. हमालाच्या पोरापुढं गिरणीच्या मालकानं रुमाल धरला. मी हात घातला, त्यांनी माझी पाची बोटं घट्ट धरली आणि सोडली. छाती भरून आली माझी. तिथंच मी फसलो होतो, पण ते पुढं.

एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली लिनक्स या फुकटच्या सिस्टीमची सीडी माझ्याकडं होती. तिच्यात जुन्या युनिक्सची भाषा समजणारा एक जोड-प्रोग्राम होता, तो मी चढवला. गिरणीचा प्रोग्राम फ्लॉपीवरून नव्या मशीनवर आणला. चालवला. उत्तर आलं, अशी फाईल नाही.

फाईल डोळ्यांसमोर होती. नाव बरोबर, आकार बरोबर. पुन्हा चालवला. अशी फाईल नाही. मी टेबलावर अशी बुक्की मारली की मुनीमजींच्या कपातला चहा सांडला. मुनीमजी म्हणजे गिरणीचे साठीतले मुनीम, सगळ्या किल्ल्या त्यांच्या करगोट्याला. ते शांतपणे बशी पुसत म्हणाले, "मशीनला मारून वजन वाढत न्हाई, बाबा."

दोन दिवस मी 'अशी फाईल नाही' या वाक्याशी भांडत होतो. मग डोक्यात आलं की मशीन खोटं बोलत नसेल. ते ज्याला 'नाही' म्हणतंय ती फाईल वेगळीच असेल.

आमच्या मठात लग्नाची भांडी असतात. मोठी पातेली, पराती, झारे. लग्न कुणाच्याही घरचं असो, भांडी मठातून आणायची. घरोघरी एवढी भांडी कोण घेऊन ठेवणार? प्रोग्रामचंही तसंच असतं. प्रत्येकजण सगळं सामान स्वतःबरोबर बाळगत नाही, नेहमी लागणारं सामान सिस्टीममध्ये एका जागी ठेवलेलं असतं, त्याला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. सगळे प्रोग्राम तिथूनच उचलतात. आमचा प्रोग्राम परक्या गावात आला होता. इथंही मठ होता, भांडीही होती, पण वेगळ्या मापाची आणि वेगळ्या नावांची. त्याला त्याच्या गावची भांडी हवी होती आणि ती न मिळाल्यानं तो 'नाही' म्हणत होता. कशाला, ते सांगत नव्हता एवढंच.

प्रोग्रामच्या पोटातला वाचता येण्याजोगा मजकूर मी पडद्यावर काढला. सुरुवातीलाच एका लायब्ररीचं नाव आणि पूर्ण पत्ता होता, पुढं आणखी एकीचं नाव. बस्स. मी जुन्या मशीनकडं गेलो, त्याच पत्त्यांवर त्या दोन्ही फायली सापडल्या, फ्लॉपीवर घेतल्या, नव्या मशीनवर त्याच जागी ठेवल्या आणि मालकांना बोलावून आणलं. इंजिनियरही त्या दिवशी प्रिंटर जोडायला आला होता. सगळ्यांसमोर चालवला.

अशी फाईल नाही.

इंजिनियर पुन्हा प्रिंटरच्या वायरीकडं वळला. मालक म्हणाले, "पाटी उतरवायला शिडी धाडू का?" आणि पान लावायला लागले.

ते गेल्यावर मी त्या फायलींची सविस्तर माहिती काढली. लायब्ररीचा आकार लाखांत असायला हवा. ह्यांचा होता पन्नासेक अक्षरांचा. आणि नावापुढं एक बाण, बाणापुढं लांबलचक पत्ता, जुन्या मशीनमधल्या कुठल्या तरी आतल्या खोलीचा.

मी मोठ्यानं हसलो. कुणी बीडमध्ये नवा आला आणि मोंढ्याचा पत्ता विचारला तर आम्ही सांगतो, जुन्या टॉकीजसमोरून सरळ जा. टॉकीज पाडून किती वर्षं झाली. आम्हाला ते चालतं, कारण आम्हाला टॉकीज आठवते. परका माणूस मात्र तिथं उभा राहून टॉकीज शोधत बसतो. त्या जुन्या युनिक्सची सवय तशीच होती. खरा माल आत कुठं तरी ठेवायचा आणि दर्शनी जागी नुसती दिशा दाखवणारी पाटी लावायची. तिला सिम्बॉलिक लिंक म्हणतात. मी फ्लॉपीवर पाट्या भरून आणल्या होत्या. दुकान मागंच राहिलं होतं.

आता मागं जायचं म्हणजे जुनं मशीन परत चालू करायचं. ते चालू होईना. दळण्याचा आवाजही बंद. डिस्क फिरतच नव्हती. इंजिनियरनं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "गेली ही." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा ती गेलेलीच असते. पण मोटार अडकली म्हणजे काय होतं ते माझ्या हातांना माहीत होतं. वर्षभर बंद पडलेल्या पंपाचा रोटर चिकटतो, त्याला वीज देऊन उपयोग नसतो, आधी एक झटका द्यावा लागतो. मी डिस्क बाहेर काढली, तळहातावर आडवी धरली, मशीन चालू करायला सांगितलं आणि मनगटातून एक हिसका दिला, किल्ली फिरवल्यासारखा. डिस्क कण्हली आणि फिरायला लागली.

"पुन्हा करा ना, काका," इंजिनियर म्हणाला. त्याला खरोखर बघायचं होतं.

"पुन्हा करायला ती बंद करावी लागंल. तुझ्या बापाची हाय का?"

ती हातात धरूनच मी यावेळी पाट्यांच्या मागं जाऊन खरा माल फ्लॉप्यांवर घेतला. शेवटची फ्लॉपी बाहेर आली आणि वीज गेली. ती डिस्क पुन्हा कधी फिरली नाही.

नव्या मशीनवर मी एक वेगळी जागा केली, माझं गोदाम. खऱ्या लायब्रऱ्या तिथं ठेवल्या. प्रोग्राम जिथं हात घालायचा तिथं पाट्या लावल्या, माझ्या गोदामाकडं बाण केलेल्या. माल सगळा एका जागी माझ्या नजरेखाली, आणि जुन्या लायब्रऱ्यांची नव्या सिस्टीमच्या लायब्रऱ्यांत सरमिसळ नाही. चालवला. पडद्यावर गिरणीचं नाव उमटलं, खाली काट्याचा आकडा हलला. पावतीच्या तळाचा मजकूर प्रोग्राम एका वेगळ्या साध्या फाईलमधून उचलायचा, तिच्यात मी माझी ओळ घातली आणि एक गोणी ठेवून पावती काढली. वजन, ओल, पोचट, आणि सगळ्यात खाली माझ्या दुकानाचं नाव, गाव बीड.

मालकांनी पावती लांब धरून वाचली. "अक्षर बारीक हाय," म्हणाले. त्या वर्षी त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त कौतुक मी ऐकलं नाही.

काम हातावेगळं केलं की किल्ली मालकाच्या घरात, ही मोंढ्याची रीत. मशीनचा पासवर्ड मी मुनीमजींना दिला, फायली कशा बघायच्या, नको त्या कशा पुसायच्या तेही शिकवलं. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून पूजेला लावतात. मी नवा सदरा घालून गेलो. घाण्याला हळदकुंकू, काट्याला झेंडूचा हार, कॉम्प्युटरच्या पडद्यावर गंधाचे तीन पट्टे. मालकांनी कौतुकानं प्रोग्राम चालवायला सांगितला.

अशी फाईल नाही.

इंजिनियर पूजेला आला होता. माझं डोकं फिरलं. सगळ्या लोकांत मी त्याची गचांडी धरली, "कावून केलंस बे? माझी पाटी उतरवायची घाई झाली का तुला?" तो पांढराफटक पडला, "मी हातसुद्धा लावला नाही" म्हणायला लागला. चार हमालांनी आम्हाला सोडवलं.

तेवढ्यात मुनीमजी पुढं आले. चेहऱ्यावर मोठं समाधान. "आरं, काय खराब झालं? मी तर काल सगळं साफ करून ठेवलं."

"काय साफ केलं?"

"आतलं. बाहेरून पोरांनी पुसलं, आतून मी. बघितलं तर काही फायली लाखाच्या, आन् मधीमधी काही वीस-तीसच्या. नाव तेवढं मोठं, आत दाणा न्हाई. पोचट. काढून टाकलं."

ते आयुष्यभर हेच करत आले होते. ढिगातून सूर्यफुलाची मूठ घ्यायची, फुंकर मारायची, हलकं असेल ते उडून जातं, उरेल तो माल. त्यांनी माझ्या सगळ्या पाट्या फुंकून टाकल्या होत्या.

"मुनीमजी," मी म्हणालो, "ते पोचट न्हवतं."

"मग वजन कावून न्हाई त्याला?"

खरा माल गोदामात सुखरूप होता, वजनदार असल्यामुळं त्याला त्यांनी हात लावला नव्हता. मी बसलो, पाट्या परत लावल्या. आरती संपायच्या आत पावती निघाली. मुनीमजींनी ती पूजेत ठेवली. इंजिनियरची माफी मात्र मी मागितली नाही.

दसऱ्याला मुहूर्त झाला. सोनं वाटलं, मालकांनी नारळ फोडला, आणि नव्या मशीनबद्दल फेटा बांधला तो इंजिनियरला. मी काट्याजवळ उभा होतो. बरं, फेट्याचा सौदा नव्हता. ओळीचा होता, आणि ओळ छापली जात होती. त्या आठवड्यात माझ्या दुकानात दोन माणसं आली, एक गेवराईची, एक पाडळशिंगीची. "पावतीवरचं दुकान ते हेच का?" त्यांना मी उठून चहा पाजला.

दिवाळी झाली आणि एका शेतकऱ्याच्या हातातली पावती मी सहज बघितली. तळाशी औरंगाबादच्या कंपनीचं नाव.

तसाच गिरणीत गेलो. "मालक, बोली काय झालती?"

ते पान चघळत होते. "पावतीवर नाव. छापलं की."

"मग काढलं कावून?"

"रुमालावर सौदा झाला का न्हाई? रुमालावरचा सौदा म्हंजी समोरच्या ढिगापुरता. ढीग उचलला, सौदा संपला. पुढचा ढीग, पुढचा भाव. तुझा बाप हमाल होता मोंढ्यात, तुला मी सांगावं?"

ते खरं होतं. बोटांनी भाव सांगता येतो, मुदत सांगता येत नाही. रुमाल धरला म्हणून मी हुरळलो आणि किती दिवसांसाठी हे विचारलंच नाही. मोंढ्यात मला घासाघिशीत कुणी हरवलं असेल तर त्या एका माणसानं, आणि तेही माझ्याच बापाच्या मोंढ्याची रीत वापरून. त्या गिरणीची पायरी मी वर्षभर चढलो नाही. समोरून जाताना मान फिरवायचो.

पुढच्या दसऱ्याच्या सकाळी गिरणीची जीप माझ्या शटरपुढं उभी राहिली. आत मुनीमजी. "चल बाबा. मशीन परत न्हाई म्हणालंय. ट्रॅक्टरची रांग लागलीय."

"कंपनीला बोलवा की. पावतीवर त्यांचं नाव हाय."

"त्यांचा माणूस कालपासून बसलाय. त्यानंच सांगितलं, काकांना आणा."

मी गेलो. इंजिनियर उठून उभा राहिला, खुर्ची मोकळी केली. त्यानं नवी मोठी डिस्क बसवली होती आणि जुनीवरचं सगळं तिच्यावर हलवलं होतं, माझ्या गोदामासकट, नव्या जागी. पाट्यांचे बाण मात्र अजून जुन्या जागेकडं होते. एका नजरेत दिसलं. टॉकीज पाडली होती आणि पत्ता तोच सांगत होते.

मी हात टेबलाखाली घेतले.

मालक म्हणाले, "काय बिघडलंय ते तरी सांग."

"सांगितलं की दुरुस्त झालं, मालक. सगळं काम तेवढंच हाय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला आणि हातावर टाकला.

"रुमाल न्हाई," मी म्हणालो. "तोंडानं बोला. बाहेर या, काट्यापाशी उभं राहा आन् हमाल, अडते, शेतकरी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. पावतीवर नाव माझ्या दुकानाचं, आणि गिरणी चालंल तोवर."

बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. मालक बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले. मग उठले. काट्यापाशी जाऊन बोलले, मी सांगितलं ते सगळं बोलले, पण शेवटी एक शब्द स्वतःचा घातला, "भांडखोर हाय, पण काम येतं त्याला." लोक हसले. या वेळी मलाही आलं हसू.

आत येऊन मी पाट्या नव्या जागेकडं वळवल्या. इंजिनियर शेजारी उभा राहून बघत होता, मी त्याला बघू दिलं. तळाची ओळही माझ्या हातानं परत घातली.

गिरणी पुढं पुष्कळ वर्षं चालली आणि ओळ शेवटपर्यंत राहिली. मोटारी भरायलास का, असं पुन्हा कुणी म्हणालं नाही. फेटा मात्र मला त्यांनी कधीच बांधला नाही, आणि पहिल्या हंगामाच्या त्या पावत्यांचं दुखणं अजून गेलेलं नाही. मालक भेटले की मी नमस्कार करतो आणि तो विषय काढतो. तेही ऐकून घेतात.

त्या दुसऱ्या दसऱ्याला पहिली पावती निघाली ती उमापूरच्या एका शेतकऱ्याची. त्यानं वजन बघितलं, कपातीवर बोट ठेवून कुरकुरला, "एवढं पोचट?" मुनीमजींनी मूठभर माल उचलून त्याच्या तोंडासमोर फुंकून दाखवला. त्यानं पावतीची घडी केली आणि खिशात घातली. खालची ओळ वाचलीच नाही. मी त्याला थांबवलं नाही. पारावर कुणीतरी वाचणार होतंच. ट्रॅक्टर उमापूरच्या रस्त्याला लागला, त्याच्या खिशात माझी पाटी गेली, आणि इकडं बीडात तिचं दुकान जागेवर होतं.